डाव्या हाताची कामे

अर्धांगवायूच्या रुग्णाचा पाय चालू लागला की घरचे, शेजारचे आणि पुष्कळदा डॉक्टरसुद्धा रुग्ण सावरला असे धरून चालतात. काठीच्या आधाराने का होईना, माणूस अंगणापर्यंत गेला, न्हाणीघरात जाऊन आला, की समाचाराला येणाऱ्यांच्या तोंडी "आता काय, सुटलात" असे शब्द येतात आणि पदराखाली झाकलेल्या हाताकडे कोणी फारसे पाहत नाही. माझा गेलेला हात डावा होता, त्यामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष करणे अधिकच सोपे होते. "उजवा वाचला हे नशीब" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले की काही काळ मलाही ते पटले होते. डावा हात दिवसभरात काय काय करतो याची यादी तो बंद पडेपर्यंत कोणी करत नाही. आम्ही ती पुढे केली, पण यंत्रांच्या मागे लागून बराच काळ गेल्यानंतर.

मी चिपळूणची. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतर काही वर्षांनी मेंदूच्या उजव्या भागाला रक्त पुरवणाऱ्या मधल्या धमनीच्या एका शाखेत गुठळी अडकली. अशी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे दिसू लागल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मला जे झाले ते झोपेत झाले, पहाटे उठायला गेले तेव्हा डावी बाजू अंगाखालीच राहिली. त्यामुळे सुरुवात नेमकी कधी झाली हे कोणालाच सांगता आले नाही आणि ते इंजेक्शन मिळाले नाही. रुग्णालयातून घरी आले तेव्हा चेहरा बराचसा सरळ झाला होता, पाय ओढत का होईना पुढे पडत होता, हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबत होता.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की हातापायाच्या जोडीने आणखी एक गोष्ट जाऊ शकते, ती म्हणजे डाव्या बाजूचे भान. डोळे शाबूत असतात, पण डावीकडचे जग लक्षात येत नाही. माझ्या बाबतीत हे प्रथम ह्यांच्या ध्यानात आले ते जेवणाच्या पानावरून. उजवीकडची भाजी, मधला भात मी संपवत असे, पण पानाची डावी बाजू, म्हणजे मीठ, लिंबाची फोड, चटणी आणि कोशिंबीर, वाढली तशी राहत असे. ह्यांना वाटले मी पथ्य पाळते आहे. मला वाटत होते सुनेने ते वाढलेच नाही. एक दिवस सुनेने न बोलता ताट अर्धे फिरवले आणि मी कोशिंबिरीकडे अशी पाहत राहिले की तिला हसू आवरेना. आजाराचे हे अंग पुढे यंत्रासमोर बसल्यावर पुन्हा आडवे आले, म्हणून ते आधीच सांगितले.

सुरुवातीला गावातले एक फिजिओथेरपिस्ट रोज घरी येत आणि मनापासून काम करत. पण त्यांच्या तासातला मोठा भाग तोल, चालणे आणि खांदा सैल करणे यातच जाई. हे केवळ आमच्याकडे होत होते असे नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांतली उपचारसत्रे प्रत्यक्ष बसून मोजलेली एक पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली होती. ज्या सत्रांत हाताने एखादे काम करण्याचा सराव घेतला गेला, त्यांतही अशा हालचालींची सरासरी अवघी ३२ भरली. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या मेंदूत नवी जुळणी दिसायला एकेका बैठकीत शेकडो आवर्तने लागतात. मी वर्षानुवर्षे वर्गात मेंदूच्या लवचीकतेचा धडा शिकवला होता, तेव्हा ३२ आणि शेकडो यांतली दरी मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

ही दरी भरायची कोणी? "घरच्यांनी शिकून घ्यावे आणि करून घ्यावे" हे उत्तर सगळ्यात आधी सुचते, आणि आपल्याकडे ते स्वस्तही पडते. परंतु नेमके हेच भारतात तपासले गेले आहे. देशातल्या १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरातल्या एका माणसाला प्रशिक्षण देऊन त्याच्याकडून व्यायाम करवून घेतले गेले, आणि सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्व यांत नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत काही फरक आढळला नाही. पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या मुलाने हा निबंध वाचला आणि तो जरा खट्टू झाला. त्यानेच मग २०१९ ची अमेरिकेतली चाचणी शोधून काढली. तिच्यात ११ केंद्रांतले १२४ रुग्ण होते. सर्वांनी प्रत्येकी ७० मिनिटांची ३६ सत्रे केली. त्यांतली निम्मी थेरपिस्टच्या देखरेखीखाली होती, ती एका गटाने दवाखान्यात जाऊन आणि दुसऱ्या गटाने घरी संगणकासमोर बसून, दूरवरच्या थेरपिस्टबरोबर केली. हाताच्या हालचालीत दोन्ही गटांची सुधारणा जवळजवळ सारखी झाली. दोन्हींकडे सरावाचे प्रमाण मुद्दाम समान ठेवले होते, ही त्यातली ग्यानबाची मेख. घर की दवाखाना हा प्रश्न दुय्यम आहे, ठरलेला सराव खरोखर होतो की नाही हे महत्त्वाचे, असा मी त्याचा अर्थ लावला.

पुण्यातल्या एका न्यूरो-फिजिओथेरपिस्टने मला दूरस्थ पद्धतीने घ्यायचे कबूल केले, परंतु पहिली तपासणी समोरासमोरच हवी अशी तिची अट होती. कुंभार्ली घाट चढून, कऱ्हाड-साताऱ्यावरून पुण्याला जाणे माझ्या खांद्याला झेपेल का हीच आम्हाला धास्ती होती. तिने मांडीवर उशी, उशीवर कोपर आणि हात कधीही काखेत धरून ओढायचा नाही, अशा सूचना आधीच पाठवल्या. स्नायू सैल पडल्यावर दंडाचे हाड खोबणीतून खाली सरकते, माझ्या खांद्याच्या टोकाखाली बोट जाईल एवढी फट पडली होती, आणि अशा हाताला ओढले की दुखणे कायमचे मागे लागते. घरोघरी दिसणारा दोरी-कप्पीचा व्यायाम, ज्यात चांगल्या हाताने दोरी ओढून दुबळा हात डोक्यावर न्यायचा, तोही तिने साफ बंद करवला. आमच्याकडे ती कप्पी पडवीच्या वाशाला टांगून तयार होती. शेजारच्या एका हितचिंतकांनी ती स्वखर्चाने आणली होती आणि त्याआधी पारव्याचे रक्त चोळण्याचा सल्लाही त्यांनीच दिला होता, त्यामुळे कप्पी काढून ठेवताना ह्यांना फार संकोच वाटला.

तपासणीत तिने जी मोजपट्टी वापरली ती स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फुगल-मायर यांनी सहकाऱ्यांसह १९७५ साली मांडलेली आहे. हात, मनगट आणि पंजा यांच्या एकेका हालचालीला शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे आणि बेरीज ६६ पैकी करायची. माझे गुण निम्म्याच्याही बरेच खाली आले. खांदा आणि कोपर एकत्र थोडेसे उचलले जात होते, मूठ अर्धवट वळत होती, पण ती उघडत नव्हती आणि मनगट वर येत नव्हते. "काकू, मूठ वळणं लवकर येतं. आपल्याला मूठ उघडायच्या मागे लागायचं आहे," असे ती म्हणाली, आणि पुढचे सगळे नियोजन त्याभोवतीच झाले.

घरी आलेले पहिले यंत्र विजेच्या सौम्य स्पंदनांनी स्नायू आकसवणारे होते. मोबाइलएवढी पेटी, दोन वायरी आणि त्यांच्या टोकाला चिकटणारे दोन पॅड. एक पॅड कोपराखाली हाताच्या मागच्या बाजूला, दुसरा मनगटाच्या थोडा वर. सेकंदाला ३५ स्पंदने ठेवून प्रवाह हळूहळू वाढवला की आधी मुंग्या येतात, मग कातडीखाली काहीतरी थरथरते आणि मग मनगट आपोआप उचलले जाते. ऐकायला हे सोपे वाटते, पण पॅडची जागा अर्ध्या बोटाने चुकली तरी सगळे बिघडते. वरचा पॅड अंगठ्याच्या बाजूला सरकला की मनगट वर येण्याऐवजी अंगठ्याकडे वाकडे होई आणि बोटे मिटलेलीच राहत. पलीकडून, पुण्याहून, व्हिडिओवर मॅडम सांगत, "काका, वरचा पॅड जरा करंगळीच्या बाजूला घ्या, अजून थोडा, बास," आणि त्या "बास"ला चारही बोटे एकदम पंख्यासारखी उघडत. ती जागा सापडली की हे बॉलपेनने पॅडभोवती रेघ ओढून ठेवत. अंघोळीत रेघ पुसट झाली की पुन्हा गिरवत. महिनोन्‌महिने माझ्या हातावर दोन निळे चौकोन होते.

या यंत्राबद्दल मॅडमचा एक नियम कडक होता: "आधी तुम्ही, मग मशीन." म्हणजे मनगट उचलण्याचा प्रयत्न आधी मी स्वतः करायचा, जेवढे उचलले जाईल तेवढे उचलायचे आणि मग बटण दाबून उरलेले काम प्रवाहाकडून करवून घ्यायचे. टीव्ही पाहता पाहता हाताला पॅड लावून ठेवण्यात तिच्या मते विजेचा आणि वेळेचा अपव्यय होता. मेंदूकडून निघालेला, वाटेतच विरणारा हुकूम आणि स्नायूचे प्रत्यक्ष आकुंचन या दोन गोष्टी एका वेळी घडल्या तरच त्यांची सांगड बसण्याची शक्यता असते, हे तिचे स्पष्टीकरण मला माझ्याच विषयातले वाटले. छातीत पेसमेकर असेल तर हे यंत्र लावायचे नसते आणि फिट्स येत असतील तर न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय लावायचे नसते, हेही तिने पहिल्याच दिवशी विचारून घेतले. कोकणातल्या दमट हवेत पॅडचा चिकटपणा फार लवकर जातो. पुसलेल्या कातडीवर आणि पॅडवर पाण्याचे बोट फिरवले की तो थोडे दिवस तग धरतो, मग नवे मागवावे लागतात. आणि या चालू खर्चाचा उल्लेख यंत्र विकणारा आधी करत नाही.

दुसरे यंत्र आम्ही भाड्याने घेतले. मनगटाला पट्ट्याने बांधायचा आणि तळहातात धरायचा एक सेन्सर आणि त्याच्याशी जोडलेला टॅबलेट. हात पुढे गेला, मनगट वळले किंवा पकड घट्ट-सैल झाली की पडद्यावरची टोपली, होडी किंवा चेंडू हलायचा. फळे वरून पडत आणि टोपलीत झेलायची असत. प्रत्येक वेळी यंत्रातून एक उत्साही बाई इंग्रजीत शाबासकी देई, ती बंद कशी करायची हे शोधण्यात आमच्या घरातली तरुण पिढी एक संध्याकाळ गुंतली होती. पण खेळामुळे सराव होतो, हे मान्य केले पाहिजे. त्याच हालचाली नुसत्या मोजत करायच्या म्हटल्या तर मी काही वेळातच कंटाळत असे. टोपली हलवताना मात्र आवर्तने शेकड्यांत जात आणि मला कळतही नसे. हात इतका दुबळा असताना त्यात होणारी वाढ डोळ्यांना दिसत नाही, ती यंत्राला दिसते. मनगट कालपेक्षा दोन अंश जास्त उचलले, हे माझ्या डोळ्यांना कधीच कळले नसते.

याच खेळात डाव्या बाजूचे भान पुन्हा आडवे आले. डावीकडून पडणारी फळे मी झेलतच नसे, कारण ती पडतात हेच मला जाणवत नसे, आणि यंत्र त्याचा दोष हाताला देऊन खेळ सोपा करत जाई. मॅडमच्या हे लगेच लक्षात आले. तिने टॅबलेटच्या डाव्या कडेला भडक नारिंगी पट्टी चिकटवायला सांगितली आणि प्रत्येक फळाआधी "पट्टी बघा" असे हे म्हणू लागले. काही काळाने म्हणण्याची गरज उरली नाही, आणि पानातली कोशिंबीरही त्याच सुमारास संपू लागली.

यंत्राला न दिसणारी दुसरी गोष्ट याहून गंभीर होती. माझे गुण भराभर वाढत होते, आलेख पाहून मुलगा खूश होता, पण मॅडमने ह्यांना दुसरा मोबाइल माझ्या बाजूला, कपाटावर ठेवायला सांगितला आणि त्यातून पाहिले तेव्हा गुणांचे रहस्य उलगडले. कोपर सरळ होतच नव्हते. मी कमरेतून पुढे वाकून आणि खांदा कानापर्यंत उचलून सेन्सर पुढे नेत होते. सेन्सर मनगटावर असल्यामुळे मनगट पुढे गेले एवढेच त्याला कळत होते, आणि ते कशाच्या जोरावर गेले याच्याशी त्याला काही देणेघेणे नव्हते. अशा आडवाटेच्या हालचाली एकदा अंगवळणी पडल्या की मूळ हालचाल मागेच राहते. उपाय अगदी साधा होता: सुनेच्या ओढणीने माझी छाती खुर्चीच्या पाठीला बांधली गेली. गुण एका दिवसात निम्म्यावर आले आणि मॅडम प्रथमच मनापासून समाधानी दिसली. घरबसल्या यंत्र आणून स्वतःच्या स्वतः व्यायाम करणाऱ्यांना मला सर्वांत आधी काही सांगायचे असेल तर ते हेच की यंत्रावर भरवसा ठेवा, पण बाजूने बघणारा जाणता डोळा असल्याशिवाय नको.

पावसाळ्यात निराळ्या अडचणी आल्या. जून ते सप्टेंबर आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि वीज गेली की पाठोपाठ नेटवर्कही जाते. ठरलेल्या वेळी मॅडम पडद्यावर नसे. त्यावर तोडगा असा निघाला की दिवसभराचा सराव टॅबलेटने साठवून ठेवावा, बाजूच्या मोबाइलवर ह्यांनी थोडे चित्रण करून ठेवावे, ते नेटवर्क आल्यावर पाठवावे आणि तिने त्यावर आवाजी निरोपातून सूचना द्याव्यात. हे निरोप मला प्रत्यक्ष सत्रापेक्षाही उपयोगी वाटले, कारण ते पुन्हा पुन्हा ऐकता येत. आणखी एक लाभ असा झाला की "कोपर खाली, खांदा सैल" हे ह्यांनी सांगितले की मला राग येई आणि मॅडमच्या आवाजात ऐकले की येत नसे. आजारपणातल्या भांडणांचा हिशेब इथे मांडत नाही, पण त्यांतली निम्मी तरी त्या आवाजाने टळली.

मुंबईत एका ठिकाणी मोठ्या रोबोटवर हात बांधून व्यायाम देतात, तिथे महिनाभर राहावे, असा एका नातेवाइकांचा आग्रह होता. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोबोटच्या साहाय्याने दिलेल्या प्रशिक्षणामुळे नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हाताची कामे करण्याची क्षमता वाढली नाही, हे वाचल्यावर आम्ही तो विचार सोडला. आयआयटी मद्रास आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज यांनी मिळून तयार केलेल्या 'प्लूटो' या टेबलावर मावणाऱ्या, मनगट आणि पंजासाठीच्या यंत्राबद्दल मात्र मला उत्सुकता होती, कारण ते घरात आणि छोट्या दवाखान्यात चालावे अशाच बेताने केलेले आहे. ते मिळवण्याची वेळ आली नाही, कारण तोपर्यंत प्रश्नच बदलला होता.

प्रश्न बदलला तो दोन घड्याळांमुळे. मॅडमने दोन्ही मनगटांना बांधायला एकेक पट्टा पाठवला. दिसायला घड्याळ, आत फक्त हालचाल टिपणारा सेन्सर. जागेपणी तो काढायचा नाही आणि त्याच्याकडे पाहायचेही नाही, कारण त्यावर काही दिसतच नाही. निरोगी माणसाचे दोन्ही हात दिवसभरात जवळजवळ सारखाच वेळ हलत असतात, कमी वापराच्या हाताच्या वेळेचे दुसऱ्या हाताच्या वेळेशी गुणोत्तर ०.९५ च्या आसपास असते, हे तिने सांगितले तेव्हा मी आधी विश्वास ठेवला नाही. उजव्या हाताने जेवणाऱ्या, लिहिणाऱ्या आणि देवाला फूल वाहणाऱ्या आपल्यासारख्यांचा डावा हात एवढे काय करतो? आणि माझा आकडा आला तो निम्म्याहूनही खाली. फुगल-मायरचे गुण वाढले होते, खेळाचे गुण वाढले होते, मनगट प्रवाहाशिवायही उचलले जात होते, पण खुर्चीतून उठले की तो हात पुन्हा पदराखाली जात होता.

याला अभ्यासात 'शिकलेला अवापर' म्हणतात. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाचे एडवर्ड टॉब यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून ही कल्पना मांडली: हात वापरण्याचे प्रयत्न सुरुवातीला फसतात, दुसऱ्या हाताने काम भागते आणि हात पुढे सुधारला तरी तो न वापरण्याची सवय तशीच राहते. त्यावरचा त्यांचा उपचार म्हणजे चांगला हात मोज्यात कोंडून ठेवायचा. २२२ रुग्णांवरच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन आठवडे जागेपणीच्या ९० टक्के वेळ असा मोजा घालायला लावून फायदा दिसला होता. आमच्याकडे ओव्हनचा जाड हातमोजा होता. तो उजव्या हातात घालून मी दिवस सुरू केला आणि जेवणाच्या वेळी गाडी अडली. डाव्या हाताने जेवायला माझे मन तयार होईना. मॅडमने एकदा-दोनदा सुचवून पाहिले, मग तिनेच विचारले की आजारापूर्वी तुमचा डावा हात जे करत नव्हता ते आता त्याच्याकडून करवून घेण्याचा अट्टहास कशाला? ही तिची जाण मला फार मोलाची वाटते. चमचा तोंडाशी नेणे हे हाताच्या व्यायामांतले अगदी नेहमीचे उदाहरण आहे, पण ते माझ्या डाव्या हाताचे काम कधीच नव्हते. मोजा जेवण आणि पूजा वगळून ठराविक तास घालायचा असे ठरले, आणि आजारापूर्वी डावा हात करत होता ती कामे शोधायला मी बसले.

शोधायची पद्धत माझ्या पेशाला साजेशी होती. सुनेच्या परवानगीने मी स्वयंपाकघरात वही घेऊन बसले आणि तिचा डावा हात काय करतो ते टिपत गेले. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना पिशवी धरतो. चहा ओतताना गाळणे धरतो. नारळ फोडताना नारळ तळहातावर पेलतो आणि खोवताना वाटी फिरवतो. कणीक मळताना परात अडवतो, डब्याचे झाकण उघडताना डबा छातीशी धरतो, तांदूळ धुवून पाणी ओतताना भांड्याच्या तोंडाशी आडवा राहतो. आरतीच्या वेळी उजव्या हातात निरांजन असते तेव्हा घंटा डाव्या हातात असते. तीर्थ घेताना तो उजव्या तळहाताखाली येतो. वही भरली आणि एक गोष्ट उघड झाली: हा हात स्वतः कर्ता क्वचितच असतो, तो धरतो, अडवतो, पेलतो आणि फिरवतो. टोपलीत फळे झेलणाऱ्या खेळात यांतले काहीच नव्हते.

या यादीत एक काम असे होते की ज्याबद्दल मॅडमने विचारेपर्यंत मी बोलले नव्हते. शौचानंतर धुण्याचे काम आपल्याकडे डाव्या हाताचे. ते उजव्या हाताने करावे लागणे आणि त्याच हाताने पुढे जेवणे, याचा त्रास चालण्याच्या त्रासापेक्षा मला जास्त होत होता. फवाऱ्याची नळी उजवीकडे बसवून घेतल्यावर तो बराच कमी झाला. माझ्या पाहण्यात आलेल्या हाताच्या चाचण्यांत पेला, किल्ली, टॉवेल, पेन्सिल असे सर्व काही आहे, हे काम कोठेही नाही.

त्यानंतर सराव बदलला. पॅड लावून मूठ उघडायची ती हवेत न उघडता दुधाच्या रिकाम्या पिशवीभोवती उघडायची, मग धरायची आणि उजव्या हाताने कापायची. घंटेचा फायदा असा की मनगट नीट वळले नाही तर ती वाजत नाही, आणि हा निकाल सेन्सरइतकाच चोख असतो. विळीला मॅडमने नकार दिला, कारण बोटांची संवेदना कमी होती. त्याऐवजी एका फळीला दोन खिळे ठोकून त्यांत भाजी रुतवायची आणि डाव्या हाताने फळी दाबून धरायची असे चालू झाले. सगळ्यात अवघड ठरला मोदक. कळ्या पाडतो उजवा हात, पण पारी वाटीसारख्या खोलगट तळहातावर पेलून, एका कळीएवढी फिरवून, पुन्हा थांबवण्याचे काम डाव्याचे आहे, आणि फिरवताना बोटे थोडी सैल आणि लगेच घट्ट करावी लागतात. उकड गरम असते आणि मला ऊन-गार नीट कळत नव्हते, म्हणून सरावासाठी शाडूची माती घेतली. गणेशचतुर्थीला मी केलेल्या मोदकांतले पाच-सहा उभे राहिले. बाकीचे सुनेने निमूटपणे गोळा करून त्यांच्या निवगऱ्या केल्या.

घड्याळे पुन्हा बांधली तेव्हा गुणोत्तर वाढलेले होते. ०.९५ च्या ते जवळपासही नाही, पण पहिल्या वेळी खेळाचे गुण वाढूनही जे हलले नव्हते ते या वेळी हलले. त्यातले मोज्याचे किती, यादीचे किती आणि काळाचे किती, हे एका रुग्णावरून ठरवता येत नाही, आणि मी विद्यार्थ्यांना असल्या निष्कर्षांबद्दल गुण कापत असे. यादीने एवढे निश्चित केले की सराव संपल्यावरही हाताला काम उरले.

भाड्याचा टॅबलेट आता परत केला आहे. विजेची पेटी ठेवून घेतली आहे, कारण मनगट दिवसाच्या शेवटी थकले की पुन्हा झुकते. गाळणे, पिशवी, घंटा आणि डबा ही कामे हात विचार न करता करतो. वेणी, साडीच्या निऱ्या आणि पाठीमागचे हुक अजून सुनेवर अवलंबून आहेत. अंगठा तळहातात दुमडून राहतो आणि ताठरपणा वाढतो आहे, त्यासाठी स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन घ्यावे का, हा सध्याचा प्रश्न आहे. त्याचा परिणाम साधारण तीन महिन्यांत ओसरतो आणि त्या मुदतीत जोरकस सराव केला तरच खर्च सत्कारणी लागतो, असे मॅडमचे म्हणणे आहे. त्यामुळे घ्यायचे तर पावसाळा संपल्यावर, वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा असताना घ्यायचे, एवढे आम्ही ठरवले आहे.